आधी पडलं की आधी जळलं?

बे एरियात घर घेतलं की विम्याच्या गठ्ठ्यात एक पान हमखास सापडतं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की तुमच्या घरविम्यात भूकंप धरलेला नाही, हवा असेल तर वेगळा घ्या. १९८५ पासून कॅलिफोर्नियात कंपन्यांना कायद्यानेच हे विचारावं लागतं. बहुतेक मंडळी (आपली देशी जनता त्यात आलीच) हप्ता बघतात, डिडक्टिबल बघतात आणि 'नको' म्हणून मोकळी होतात. पण खरी गंमत पुढेच आहे. भूकंपाने घर पडलं तर हा साधा घरविमा काही देत नाही, आणि त्याच भूकंपामुळे लागलेल्या आगीत घर जळलं तर मात्र देतो!

हा काय प्रकार आहे? तर त्यासाठी १९०६ मध्ये जावं लागतं.

त्याआधी एक छोटं वळण. घराचा विमा हा प्रकारच मुळात आगीतून जन्माला आला. १६६६ मध्ये लंडन जळलं आणि १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन नावाच्या बिल्डरने (होय, बिल्डरनेच!) घरांचा आगीचा विमा विकायला सुरुवात केली. पुढची दोन-सव्वादोन शतकं घराचा विमा म्हणजे प्रामुख्याने आगीचा विमा. सॅन फ्रान्सिस्कोतही तेच होतं. लाकडी घरं, उभे चढ, समुद्रावरून येणारा वारा. ऑक्टोबर १९०५ मध्ये विमा कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेने शहराचा अहवाल केला. त्यात जवळजवळ असंच म्हटलं होतं की हे शहर अजून जळून गेलेलं नाही, हेच सगळ्या रिवाजाविरुद्ध आहे.

सहाच महिन्यांनी, १८ एप्रिल १९०६ ला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी शहर हललं. आजच्या अंदाजाने ७.९ चा धक्का. धुरांडी पडली, गॅसच्या नळ्या फुटल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाण्याच्या मुख्य वाहिन्याही फुटल्या. अग्निशमन दलाचा प्रमुख डेनिस सलिव्हन धक्क्यातच जबर जखमी झाला आणि चार दिवसांनी गेला. आगीसाठी समुद्राच्या पाण्याची वेगळी व्यवस्था करा म्हणून हाच माणूस मागे लागला होता. हेज स्ट्रीटवर एका बाईने नाश्त्यासाठी चूल पेटवली. भूकंपात धुरांडं तडकलेलं आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. त्या आगीला इतिहासात 'हॅम अँड एग्ज फायर' असं नाव आहे, आणि तिने शहराच्या मोठ्या भागाबरोबर सिटी हॉलही गिळला. आग अडवायला सैन्याने डायनामाइट लावून घरं उडवली, त्यातून नव्या आगी लागल्या. तीन-चार दिवसांनी हिशोब झाला तो असा: सुमारे २८,००० इमारती गेल्या, चार लाखांच्या शहरात निम्म्याहून जास्त लोक बेघर झाले. मृतांचा आकडा आज ३,००० च्या आसपास धरतात. आणि बहुतेक नुकसान धक्क्याने नव्हे, आगीने झालं.

इथून विम्याची गोष्ट सुरू होते.

लोकांकडे आगीच्या पॉलिसी होत्या. पण अनेक पॉलिसींत एक कलम होतं, पडलेल्या इमारतीचं. इमारत किंवा तिचा भाग आगीखेरीज दुसऱ्या कारणाने कोसळला, की त्याच क्षणी विमा संपला. मग ती नंतर जळून खाक झाली तरी कंपनीचा संबंध नाही. काही पॉलिसींत तर भूकंपामुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष होणारं नुकसानच वगळलेलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ही चक्क रेस कंडिशन आहे. तीच दोन इव्हेंट्स, पण कोणतं आधी घडलं त्यावर उत्तर बदलतं. आधी पडलं मग जळलं: शून्य. आधी जळलं मग पडलं: पूर्ण पैसे. आणि लॉग्ज? सगळे जळालेले.

लोक काही मूर्ख नव्हते. सैन्याच्या सिग्नल कोअरमधला कॅप्टन लिओनार्ड वाइल्डमन याने नोंदवून ठेवलंय की एका फायरमनने त्याला अडवून सांगितलं, या भागातले लोक स्वतःच घरं पेटवतायत. का, तर भूकंपाने मोडलेल्या घराचे पैसे मिळणार नाहीत, जळलेल्याचे मिळतील, असं त्यांना कळलं होतं. विचार करा. आग विझवायला पाणी नाही आणि माणूस आपल्याच घराला काडी लावतोय. मला यात त्या माणसाचा राग येत नाही. आयुष्यभराची कमाई एका कलमाच्या चुकीच्या बाजूला पडली तर कोण काय करेल सांगता येत नाही.

पुढचे कित्येक महिने वाद चालला. धक्क्यानंतरचे पण आगीआधीचे फोटो पुरावा म्हणून सोन्याच्या मोलाचे झाले. शहरातल्या व्यापाऱ्यांनी आणि रेल्वे कंपनीने 'भूकंप' हा शब्दच टाळून 'ती आग' म्हणायला सुरुवात केली. बाहेरचं भांडवल घाबरू नये हे त्याचं मोठं कारण, पण विम्याच्या दृष्टीनेही ते सोयीचंच होतं. कंपन्यांमध्ये दोन तट पडले. काहींनी डॉलरला डॉलर दिला. काही म्हणाल्या, सरसकट २५ टक्के कापून घेऊ. त्यांना 'सिक्स-बिट' कंपन्या म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत बारा आणेवाल्या :) जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या काही कंपन्यांनी सरळ हात झटकले. कित्येक बुडाल्या. फायरमन्स फंड ही तर सॅन फ्रान्सिस्कोचीच कंपनी. तिचं मुख्य ऑफिस आणि दप्तर दोन्ही जळालं, देणं मालमत्तेपेक्षा जास्त. तिने काही रोख आणि बाकीच्या रकमेचे शेअर्स देऊन वेळ निभावली.

आणि लंडनहून लॉइड्सच्या कथबर्ट हीथने तार केली: अटी काहीही असोत, सगळ्या पॉलिसीधारकांना पूर्ण पैसे द्या. लॉइड्सचं अमेरिकेत जे नाव झालं त्यात या तारेचा वाटा मोठा. अर्थात, घर घेताना 'आपल्याला हीथ भेटेल' या भरवशावर पॉलिसी निवडता येत नाही.

१९०९ मध्ये राज्याने आगीच्या विम्याचा प्रमाण मसुदाच कायद्याने ठरवून दिला. आज कॅलिफोर्नियात भूकंपानंतरची आग घरविम्यातून वगळता येत नाही. वर म्हटलेली गंमत ती हीच. हलणं मात्र बाहेरच राहिलं. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने कंपन्यांना असा दणका दिला की त्या घरविमाच विकेनाशा झाल्या, म्हणून १९९६ मध्ये कॅलिफोर्निया अर्थक्वेक अथॉरिटी उभी राहिली. आज भूकंपाच्या बहुतेक पॉलिसी तिच्या असतात. डिडक्टिबल ५ ते २५ टक्के. म्हणजे घर पुन्हा बांधायचा खर्च ६ लाख डॉलर धरला आणि १५ टक्के निवडले, तर पहिले ९० हजार आपले. हे ऐकून लोक नाक मुरडतात. पण हा विमा प्लास्टरच्या भेगांसाठी नाहीच, घर पायावरून सरकलं तर काय यासाठी आहे. हेवर्ड फॉल्ट फ्रीमाँटमधूनच जातो. २०१४ ते २०४३ या काळात बे एरियात ६.७ किंवा मोठ्या भूकंपाची शक्यता शास्त्रज्ञांनी ७२ टक्के दिली आहे. गृहकर्ज घरावर असतं आणि घर पडलं तरी हप्ते थांबत नाहीत, त्यामुळे ज्यांची सगळी बचत डाउन पेमेंटमध्ये गेली आहे त्यांनी हा विमा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक. विम्याची रक्कम घराच्या किमतीवरून ठरवू नका. जमीन जळत नाही. उलटपक्षी, बांधकामाचा खर्च कमी धरू नका. १९९१ च्या ओकलंडच्या आगीत सुमारे तीन हजार घरं गेली आणि पॉलिसीतली रक्कम बांधकामाला पुरत नाही हे अनेकांना राख उचलताना कळलं. शिवाय नवीन घर नव्या नियमांप्रमाणे बांधावं लागतं, त्या वाढीव खर्चाचं कव्हर आहे का तेही विचारा.

पुण्या-मुंबईत घर घेणाऱ्यांचं या बाबतीत बरं आहे. २००१ च्या टॅरिफमध्ये भूकंप जादा पैसे देऊन जोडावा लागायचा. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत आग, भूकंप, पूर, सगळं एकत्र आहे. पडलं की जळलं हा वादच नाही.

इकडे मात्र आता उलटंच झालंय. वणव्यांमुळे आगीचाच विमा मिळेनासा झाला आहे. स्टेट फार्मने मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात नवीन घरविमे घेणं थांबवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगी लागल्या. कुणीच दारात उभं करत नसेल तर १९६८ साली सुरू झालेला 'फेअर प्लॅन' आहे, पण त्यात चोरी किंवा फुटलेला नळ येत नाही, त्यासाठी दुसरी पॉलिसी जोडावी लागते. तेव्हा डोंगराकडेचं घर आवडलं असेल तर ऑफर टाकायच्या आधीच तो पत्ता देऊन कोटेशन मागवा.