तेहतीस पानांचे पत्र

१/ १९१७ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड होता. मूल शाळेच्या दारापर्यंत आणणे हे पालकांचे कर्तव्य ठरले. पण जे मूल इतरांसारखे बोलत-खेळत नाही, त्याच्याविषयी पालकांकडून जाणून घेणे हे कोणाचे कर्तव्य? या प्रश्नालाही इतिहास आहे.

२/ १९३८. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातले वकील बीमन ट्रिपलेट यांनी बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना ३३ पानांचे टंकलिखित पत्र धाडले. विषय एकच : मुलगा डोनाल्ड. तो एकटा असताना सर्वाधिक आनंदी असे, वस्तू गरगर फिरवण्यात रमे, नावे अचूक लक्षात ठेवी.

३/ १९४३ साली कॅनर यांनी ११ मुलांवर निबंध लिहिला. पहिली नोंद डोनाल्डची, आणि तिचा आधार ते पत्र. आज आपण जिला स्वमग्नता म्हणतो, तिच्या निदानाच्या पायाशी एका पित्याचे निरीक्षण आहे.

४/ पुढे मात्र साक्षीदारच आरोपी झाला. पालकांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणामुळे मूल असे होते, हे मत रूढ झाले. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने ते घरोघरी पोहोचवले. आईच दोषी ठरली, मग तिचे ऐकणार कोण?

५/ या मताला १९६४ मध्येच बर्नार्ड रिमलँड यांनी आव्हान दिले होते. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी पालकांसाठी प्रश्नावली जोडली. घराघरांतून उत्तरे येऊ लागली. १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त केले.

६/ म्हणून पालक कधीच चुकत नाहीत, असे नव्हे. लसींविषयी रिमलँड यांनी पुढे घेतलेली शंका संशोधनात टिकली नाही. कारणांचा शोध शास्त्राने घ्यावा. पण हे मूल कशाने बिथरते आणि कशाने शांत होते, हे घरच जाणते.

७/ भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली. न्यासाच्या मंडळात संस्था-संघटनांसाठी ९ जागा ठेवल्या. त्यांपैकी ३ पालकांच्या संघटनांना. पालकांच्या अनुभवाला कायद्यात आसन मिळाले.

८/ आज कोल्हापुरातील एखादी आई मुलाचा हात धरून शाळेच्या दारात उभी राहते, तेव्हा १९१७ चे तिचे कर्तव्य पूर्ण झालेले असते. तिच्या पिशवीत कदाचित नोंदींची एक वही असेल. ती उघडून वाचणे, हे आता आपले कर्तव्य.