व्हाइसरॉय ऑफ इंडिया (आगबोट)

पी. अँड ओ. कंपनीची लंडन–मुंबई टपालमार्गावरील प्रवासी आगबोट. दुसऱ्या महायुद्धात सैन्यवाहू. टनभार सुमारे 19,600, लांबी 612 फूट, वेग 19 नॉट. उतारू पहिल्या वर्गात 415, दुसऱ्या वर्गात 258. बांधणी ॲलेक्झांडर स्टीफन अँड सन्स, ग्लासगो. आधी ‘ताजमहाल’ हे नाव योजले होते असे सांगतात. जलावतरण सप्टेंबर 1928. पहिली सफर टिलबरी ते मुंबई, फेब्रुवारी 1929.

यंत्रणा : नौकाविषयक ग्रंथांत हिचे नाव येते ते यंत्रणेमुळे. बॉयलरच्या वाफेवर चालणारी टर्बाइने पंख्यांना न जोडता जनित्रांना जोडली होती आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटारी दोन पंखे फिरवीत. त्यामुळे दातेरी चक्रांची घरघर गेली. शिवाय वेग बेताचा असला, की एका जनित्रावर भागे. युरोपात एवढ्या मोठ्या प्रवासी बोटीवर हा प्रयोग प्रथमच झाला. 1932 मध्ये मार्सेमार्गे लंडन–मुंबई अंतर हिने सुमारे 17 दिवसांत कापले.

अंतर्भाग : सजावटीची आखणी कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड इंचकेप यांची कन्या एल्सी मॅके हिची. पोहण्याचा बंदिस्त हौद कंपनीच्या बोटींवर प्रथम इथेच आला. मार्च 1928 मध्ये विमानाने अटलांटिक ओलांडताना एल्सी बेपत्ता झाली. तिने बोट तरंगताना पाहिली नाही.

कर्मचारी : कंपनीच्या रिवाजानुसार डेकवर सारंगाच्या हाताखाली कोकण–गुजरातचे खलाशी, भोजनगृहात गोवेकर, बॉयलरखात्यात पंजाब–सरहद्दीकडचे आगवाले.

आंबेडकरांचा प्रवास : मराठी वाचकाला ही बोट ठाऊक असते ती 4 ऑक्टोबर 1930 या तारखेमुळे. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या दिवशी मुंबईहून हिच्यातून निघाले. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह तेव्हा चालूच होता. सविनय कायदेभंगात गुंतलेल्या काँग्रेसने परिषदेवर बहिष्कार टाकला होता. परिषद 12 नोव्हेंबरला सुरू झाली. साम्राज्याच्या प्रतिनिधीचे नाव मिरवणाऱ्या बोटीतून अस्पृश्यांचा प्रतिनिधी त्या साम्राज्याकडे राजकीय हक्क मागायला गेला, याची दखल इंग्रजी नौकाग्रंथ सहसा घेत नाहीत. पुढच्या वर्षी, 15 ऑगस्ट 1931 रोजी, दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ते ‘मुलतान’ बोटीने गेले.

युद्धकाल : 1940 मध्ये सरकारने ताब्यात घेऊन सैन्यवाहू केली.

शेवट : नोव्हेंबर 1942 मध्ये उत्तर आफ्रिकेवरील दोस्तांच्या स्वारीत अल्जिअर्सला सैन्य उतरवून परतताना, 11 नोव्हेंबरच्या पहाटे, ओरानजवळ यू-407 या जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने इंजिनखान्याचा वेध घेतला. 4 कर्मचारी मेले. सुमारे 450 जणांना ‘बोअडिसिया’ या विनाशिकेने वाचवले. बोट काही तासांनी बुडाली. सैनिक आधीच उतरले होते, म्हणूनच मृतांचा आकडा इतका लहान. याच कंपनीची ‘राजपुताना’, जिच्यातून 29 ऑगस्ट 1931 रोजी गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेला गेले, ती युद्धात सशस्त्र क्रूझर झाली आणि एप्रिल 1941 मध्ये आइसलँडच्या पश्चिमेस यू-108 ने बुडवली.