मैदानाखालचे गाव

संध्याकाळी मैदानात फिरावयास जाणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या पायांखाली एक गाव आहे. त्याचे नाव गोविंदपूर. शेठ व बसाक या कापडव्यापाऱ्यांनी जंगल तोडून ते वसविले. १६९८ साली सुतानुटी, कलिकाता व गोविंदपूर या तिन्ही गावांचा हक्क कंपनीने सावर्ण रायचौधुरींकडून अवघ्या १३०० रुपयांस घेतला.

१७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालात उतरली. भयाने रहिवाशांनी पदरमोड करून सुतानुटीपासून गोविंदपुरापर्यंत सात मैलांचा खंदक खणावयास घेतला. तीन मैल झाले नि काम थांबले. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. (राढातील खेड्यांवर मात्र आले, तेथील 'बर्गी' शब्दाची दहशत आम्ही नाकारू नये.)

गोविंदपूर उठले ते रक्षणकर्त्यांच्याच हातून. पलाशीनंतर नव्या फोर्ट विल्यमसाठी सारी वस्ती हलविली. कोणी कुमारटुलीस गेले, कोणी तालतल्यास. तोफांच्या माऱ्यास आड येऊ नये म्हणून भोवतालची जमीन मोकळी ठेवली, तेच हे मैदान.

खंदक केव्हाच बुजला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' एवढी पाटी उरली. आणि त्या किल्ल्यास डिसेंबर २०२४ पासून 'विजय दुर्ग' म्हणतात, आमच्या कोकणातल्या विजयदुर्गावरून.