स्पर्श ओळखणारी काच : घरगुती बहुस्पर्शी पडद्याचा इतिहास

हल्ली शाळकरी मूलसुद्धा काचेवर दोन बोटे टेकवून चित्र लहानमोठे करते, आणि त्याचे कोणालाच नवल वाटत नाही. एकाच वेळी अनेक बोटांचा स्पर्श ओळखणाऱ्या अशा काचेला आपण बहुस्पर्शी पडदा म्हणू. ही वस्तू मोठमोठ्या कारखान्यांतच जन्माला आली असणार, तिच्यामागे अमाप पैसा असणार, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु इतिहास काही वेगळेच सांगतो. २००५ ते २०१० या पाचसहा वर्षांत निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांनी आणि हौशी कारागिरांनी अ‍ॅक्रिलिकची पाटी, लहानसे दिवे आणि साधा कॅमेरा एवढ्या सामग्रीवर असे पडदे घरच्या घरी तयार केले. हे त्यांना कसे साधले, आणि त्यापासून आपल्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभीचे प्रयत्न

स्पर्शपडद्याची कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली अशा पडद्याची माहिती एका लहानशा लेखात प्रसिद्ध केली. विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण सुलभ व्हावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या संगणकाधारित शिक्षणयोजनेत विद्यार्थ्यांसमोर स्पर्शपडदे आले. पडद्याच्या कडांवरून अवरक्त किरणांची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडील प्रकाशाची, सोळा बाय सोळा अशी जाळी सोडलेली असे. बोटाने किरण अडला की उत्तर कोठे दाखविले ते यंत्राला कळे. स्पर्शपडद्याच्या पहिल्या मोठ्या उपयोगांपैकी एक शिक्षणासाठीच झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मात्र हे पडदे एका वेळी एकच स्पर्श ओळखीत.

अनेक बोटे ओळखण्याचे काम १९८२ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी करून दाखविले. त्यांची युक्ती साधी होती. धुरकट काचेच्या पाटीमागे एक कॅमेरा ठेवला. वरून बोट दाबले की मागून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा ठिपका दिसे. बोटे जितकी, ठिपके तितके. त्याच विद्यापीठात बिल बक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली विद्युत् धारितेच्या तत्त्वावर चालणारी बहुस्पर्शी पाटी सादर केली. १९९१ मध्ये पिअर वेलनर यांनी केंब्रिज येथे साध्या मेजावर वरून कॅमेरा आणि प्रोजेक्टर रोखून 'डिजिटल डेस्क' मांडले. कल्पना सिद्ध झाली होती. परंतु त्या काळचे संगणक मंद, कॅमेरे महाग. त्यामुळे हे सारे काम प्रयोगशाळांच्या चार भिंतींतच राहिले.

प्रकाशाची जुनी विद्या

घरगुती पडद्याचे खरे मूळ मात्र संगणकशास्त्रात नसून प्रकाशशास्त्रात आहे. पाण्यातून वा काचेतून हवेत येताना प्रकाशाचा किरण वाकतो. तो किती वाकतो याचा नियम बगदादच्या इब्न सहल यांनी ९८४ सालच्या सुमारास भिंगांवरील आपल्या ग्रंथात भूमितीच्या भाषेत मांडला होता. हे हस्तलिखित विस्कळीत झालेले होते. ते जुळवून रोशदी राशिद यांनी १९९० मध्ये ही गोष्ट जगापुढे आणली. किरण फारच तिरपा असेल तर तो बाहेर न पडता काचेतच परत फिरतो, हे केप्लर यांनी १६११ साली नमूद केले. यालाच आपण पाठ्यपुस्तकात पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतो. अ‍ॅक्रिलिकच्या बाबतीत हा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश येतो.

याच्याही पुढची एक गंमत आहे. न्यूटन यांनी १७०४ सालच्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात दोन लोलक एकमेकांवर घट्ट दाबल्याचा प्रयोग दिला आहे. जेथे काच काचेला भिडली, तेवढ्याच जागी परावर्तन थांबले आणि प्रकाश सरळ पार गेला. म्हणजे आत कोंडलेला प्रकाश दुसऱ्या वस्तूच्या नुसत्या स्पर्शाने बाहेर पडतो. आपल्या कहाणीची किल्ली ती हीच.

या तत्त्वाचा अभ्यास आपल्या देशातही झाला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत् लहरी निर्माण केल्या, आणि दोन लोलकांमधील हवेची फट कमीजास्त केली असता किती लहर पलीकडे जाते, हे मोजून १८९७ साली प्रसिद्ध केले. त्यांच्यापाशी सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. कॉलेजातील एका लहानशा खोलीत, टिनकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून, त्यांनी उपकरणे स्वतः करवून घेतली. आगगाड्यांच्या वेळापत्रकाच्या पुस्तकात पानापानांमध्ये टिनाचे वर्ख घालून त्यांनी लहरींचे ध्रुवण करणारे उपकरण बनविले. पिळलेल्या तागाचाही प्रयोगात उपयोग केला. तरीही त्या उपकरणांनी केलेले काम लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनपर्यंत पोहोचले. साधन साधे असले तरी मोजमाप चोख असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

२००५ सालचा लेख

न्यूयॉर्क विद्यापीठात काम करणारे जेफ हान यांनी २००५ साली सिअ‍ॅटल येथील परिषदेत एक निबंध वाचला. कमी खर्चात बहुस्पर्शी पडदा कसा करावा, हाच त्याचा विषय होता. पाण्याचा पेला धरला असता काचेतून बोटांचे ठसे लख्ख दिसतात, त्यावरून आपल्याला ही कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. तत्त्व जुनेच होते; बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांत ते आधीपासून वापरात होते. हान यांचे श्रेय असे की स्वस्त कॅमेरा, वेगवान संगणक आणि हे जुने तत्त्व यांची त्यांनी योग्य वेळी सांगड घातली आणि कृती उघडपणे लिहून ठेवली. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांनी 'टेड' परिषदेत याचे प्रात्यक्षिक केले, आणि ते चित्रफितीद्वारे जगभर पाहिले गेले. आयफोनची घोषणा व्हावयास अद्याप अकरा महिने होते.

रचना कशी असे

ही रचना विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगी आहे. आठदहा मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची पाटी घेऊन तिच्या कडा पॉलिश कागदाने घासून आरशासारख्या स्वच्छ करावयाच्या. कडांना लागून अवरक्त प्रकाशाचे एलईडी दिवे ओळीने डाख देऊन बसवावयाचे. त्यांचा प्रकाश कडेतून आत शिरतो आणि वरखाली परावर्तित होत पाटीतच कोंडून राहतो. बोट टेकले की त्या जागी कोंडलेला प्रकाश सुटतो, बोटावर आपटून विखुरतो आणि पाटीखाली येतो. खाली ठेवलेल्या कॅमेऱ्याला तेथे तेजस्वी ठिपका दिसतो.

संगणकाला जोडावयाच्या साध्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडविणारी बारीक काच असते. ती काढून टाकीत. उलट डोळ्यांना दिसणारा प्रकाश कॅमेऱ्यात शिरू नये म्हणून भिंगापुढे छायाचित्राच्या धुतलेल्या निगेटिव्हचा काळा तुकडा लावीत. कोरड्या बोटाचा स्पर्श नीट उमटावा म्हणून पाटीवर सिलिकोन रबराचा पातळ थर देत. त्यावर ट्रेसिंग पेपर पसरला आणि खालून आरशाच्या साहाय्याने प्रोजेक्टरचे चित्र पाडले की पडदा तयार झाला. उरलेले काम संगणकाच्या आज्ञावलीचे : रिकाम्या पाटीचे चित्र वजा करणे, उजळ ठिपके वेगळे काढणे, आणि प्रत्येक ठिपका पुढच्या क्षणी कोठे सरकला याचा माग ठेवणे.

एक इशारा येथे देणे अगत्याचे आहे. अवरक्त प्रकाश दिसत नसल्याने डोळा आपोआप मिटत नाही. म्हणून पेटलेल्या दिव्यांकडे जवळून टक लावून पाहणे टाळावे.

ज्ञानाची देवाणघेवाण

सामग्री स्वस्त होती, पण आज्ञावली लिहिणे सर्वांच्या आवाक्यातले नव्हते. ही अडचण सामुदायिक वृत्तीने सुटली. बार्सिलोना येथील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात 'रिअ‍ॅक्टेबल' नावाचे मेजाच्या आकाराचे वाद्य तयार झाले होते. त्यासाठी मार्टिन काल्टेनब्रुनर आणि रॉस बेन्सिना यांनी लिहिलेली आज्ञावली सर्वांना मोफत खुली करण्यात आली. २००६ मध्ये 'नुई ग्रुप' हा हौशी आणि संशोधकांचा समूह उभा राहिला. कोणता दिवा घ्यावा, रबराचा थर कसा ओतावा, येथपासून ते तयार आज्ञावलीपर्यंत सर्व काही तेथे एकमेकांना देण्यात येई. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे जॉनी चुंग ली यांनी २००७ च्या अखेरीस चाळीस डॉलरांच्या आसपास मिळणाऱ्या 'वी' खेळाच्या रिमोटमधील अवरक्त कॅमेऱ्याचा उपयोग करून साध्या भिंतीचा परस्परसंवादी फळा करून दाखविला, आणि शाळाशिक्षकांनी तो उचलून धरला.

२००८ साली सेठ सँडलर यांनी तर पुठ्ठ्याचे खोके, काच, कागद आणि कॅमेरा एवढ्यावरच 'एमटीमिनी' नावाची बहुस्पर्शी पाटी तयार केली. तीत दिवेही नव्हते. खोलीतील उजेडात बोटांची सावली कागदावर पडे आणि खालचा कॅमेरा ती टिपी. निमिष मेहता यांच्या १९८२ सालच्या काळ्या ठिपक्यांचेच हे रूप! सव्वीस वर्षांपूर्वी जे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत घडले, ते आता पुठ्ठ्याच्या खोक्यात मावले होते.

याच सुमारास, २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'सर्फेस' नावाचे बहुस्पर्शी मेज जाहीर केले. त्यातही अवरक्त प्रकाश, कॅमेरे आणि प्रोजेक्टर हीच प्रमुख सामग्री होती. मात्र विक्रीस आलेल्या त्या मेजाची किंमत दहा हजार डॉलरांहून अधिक होती.

काळाचा निकाल

घरगुती पडद्यात दोष नव्हते असे नाही. प्रोजेक्टर आणि कॅमेऱ्याला अंतर लागत असल्याने मेज पेटाऱ्यासारखे अवजड होई. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असल्याने खिडकीजवळ ते काम करीत नसे. २०१० मध्ये आयपॅड आला, धारितेवर चालणारे पातळ पडदे स्वस्त होत गेले, आणि पेटाऱ्यांचे युग ओसरले. आज कोणी केवळ वापरण्यासाठी असे मेज बांधू म्हणेल तर त्यात शहाणपण नाही. बाजारातील पडदा अधिक चांगला आणि स्वस्त पडेल.

मग ती सारी मेहनत फुकट गेली काय? माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. विकत घेतलेला पडदा बंद पेटी असते. तो बिघडला की आपण हात जोडून बसतो. ज्याने पाटीच्या कडा घासल्या, दिव्यांना डाख दिला आणि काळोखात आपल्या बोटाखाली प्रकाशाचा ठिपका उमटलेला पाहिला, त्याला पूर्ण आंतरिक परावर्तनाची व्याख्या घोकावी लागत नाही. पाठ्यपुस्तकातील एक ओळ त्याच्या हातात उतरलेली असते. हे शिक्षण कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

आपल्याकडील अनेक शाळांत महागडे उपकरण आले की ते कपाटात बंद राहते. मुलांनी मोडू नये ही भीती. आणि उपकरण नसेल तर देणगीची वाट पाहण्यात वर्षे जातात. या दोन्ही परिस्थितींत विद्यार्थ्याचा हात रिकामाच. बोस यांनी वेळापत्रकाच्या पुस्तकाचे उपकरण केले, सँडलर यांनी पुठ्ठ्याच्या खोक्याचे. त्यांच्यामध्ये एका शतकाहून अधिक अंतर आहे, पण वृत्ती एकच आहे. पैशाची उणीव खरी असते, तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. शाळांना प्रयोगशाळा मिळाल्याच पाहिजेत. परंतु त्या मिळेपर्यंत काच, दिवा आणि एक जुना कॅमेरा यांना कोणी अडविलेले नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी येत्या वर्षी निदान पुठ्ठ्याचे एक खोके वर्गात आणावे, त्यावर काच ठेवावी, आणि मुलांना विचारावे : बोट काचेला टेकले हे कॅमेऱ्याला कसे कळले? उत्तर त्यांचे त्यांना शोधू द्यावे.