पोटदुखीचा कागद

अपरात्री पोट धरून आलेला रुग्ण शल्यचिकित्सकाची परीक्षा पाहतो. दुखणे साधे असेल तर सकाळपर्यंत आपोआप विरते. अपेंडिक्स सुजले असेल तर मात्र उशीर जिवावर बेतू शकतो. पोट उघडावे तर आत काहीच न सापडण्याची शक्यता, थांबावे तर अपेंडिक्स फुटण्याची धास्ती. तज्ज्ञांना निर्णयात साहाय्य करणाऱ्या संगणकांच्या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण या पेचातून सुरू होते.

१९७०च्या सुमारास इंग्लंडमधील लीड्स येथे डी डोम्बल या शल्यचिकित्सकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ठरावीक प्रश्नावली बनवली. दुखणे कुठे सुरू झाले, आता कुठे आहे, उलटी झाली का, दाबल्यावर पोट कडक होते का? या उत्तरांची संगणक पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदींशी सांगड घालत असे. कोणत्या आजारात कोणते लक्षण किती वेळा दिसले होते, यावरून अठराव्या शतकातील धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सूत्राने तो प्रत्येक आजाराची शक्यता काढी. त्याच दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये घडलेल्या 'मायसिन'ची वाट वेगळी होती. तिथे तज्ज्ञांच्या तोंडून काढलेले शेकडो नियम यंत्रात भरले गेले. लीड्सचा भर मोजलेल्या अनुभवावर होता.

१९७२ साली ३०४ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संगणकाचे निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर ठरले, तर त्या रुग्णांना तपासणाऱ्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के. यंत्राने माणसावर मात केली, एवढेच सांगून ही कथा बहुधा संपवली जाते. मला मात्र तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो.

१९७४ च्या पुढील अहवालात संगणकाऐवजी डॉक्टरांवर लक्ष होते. प्रयोग चालू असताना खुद्द डॉक्टरांचे निदान सुधारले होते आणि निष्कारण पोट उघडण्याचे प्रमाण घटले होते. प्रयोग थांबताच ही सुधारणा ओसरली. माणसे तीच होती, त्यांचे ज्ञानही तेच होते. मग हरवले काय? संशोधकांनी दोन गोष्टींकडे बोट दाखवले: प्रत्येक रुग्णाला सर्व प्रश्न शिस्तीने विचारणे, आणि आपले निदान चुकले की बरोबर आले, हे डॉक्टरांना सतत कळत राहणे.

१९८६ मध्ये आठ केंद्रांतील १६,७३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राथमिक निदानाची अचूकता ४५.६ वरून ६५.३ टक्क्यांवर गेली, आणि अपेंडिसायटिसच्या रुग्णांत ते फुटण्याचे प्रमाण २३.७ वरून ११.५ टक्क्यांवर आले. हा लाभ निव्वळ संगणकाच्या पदरात टाकणे मला रास्त वाटत नाही, कारण त्याच्यासोबत तो छापील कागदही आला होता.

आज यंत्र डॉक्टरची जागा घेईल का, असे आपण विचारतो. लीड्समधील त्या डॉक्टरांना उत्तरे अगोदरही ठाऊक होती. रात्री दोन वाजता, दमलेल्या अवस्थेत, एकही प्रश्न न गाळता विचारायला लावणारे कुणीतरी त्यांना हवे होते. ते कुणीतरी निघून गेले, तेव्हा नुकसान रुग्णांचे झाले.