संततिनियमनाची पन्नास वर्षांची वाट

स्मरणिकेच्या पानांतून ज्ञातीच्या विद्येचा व उद्योगाचा इतिहास वारंवार येतो. बाळंतिणीच्या खोलीचा इतिहास मात्र क्वचितच. लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगून गेलेल्या स्त्रियांची नावेही वंशावळींत सापडत नाहीत. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे.

1860 च्या भारतीय दंडसंहितेने स्त्रीचा जीव वाचविण्याखेरीज अन्य हेतूने केलेला गर्भपात गुन्हा ठरविला. त्यात ती स्त्रीही शिक्षेस पात्र होती. नडलेल्या स्त्रिया साहजिकच चोरून अघोरी उपायांकडे वळत, आणि कित्येकींना प्राणांस मुकावे लागे.

गर्भधारणाच टाळता येते, हे मराठी घरांत उघडपणे सांगण्याचे धाडस प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव. 1921 साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईस संततिनियमन केंद्र काढले. पत्नी मालतीबाईंची त्यांस साथ होती. त्यांचे नाव सहसा घेतले जात नाही, हे आम्हांस खटकते. या कार्यापायी कर्व्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 साली काढलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. त्यापायी खटले झाले, दंड भरावे लागले. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. निकाल विरुद्ध गेला. तथापि 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव आणला, तेव्हा त्यामागे आंबेडकरांचेच भाषण होते. सभागृहाने ठराव फेटाळला.

पुढे शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींवरून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. कर्व्यांच्या केंद्रास तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरल्यास मिळणारी सवलत त्यात केवळ विवाहितेस होती. 2021 च्या दुरुस्तीने ती कोणत्याही स्त्रीस दिली, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेसही चोवीस आठवड्यांच्या मुदतीचा लाभ मान्य केला.

या कायद्यातील एक गोष्ट आमच्या भगिनींनी अवश्य ध्यानी ठेवावी. सज्ञान स्त्रीची संमती तेवढी पुरे आहे. पतीची वा सासरची संमती कायदा मागत नाही. मागतात ती कित्येक रुग्णालये, आणि पुष्कळदा घरची माणसे.