एकच टेबल, दोन कॉम्प्युटर: गेमिंग पीसी आणि ऑफिसच्या लॅपटॉपला एकच मॉनिटर, कीबोर्ड, माऊस कसा वापरायचा?

दिवसा ऑफिसचा लॅपटॉप, रात्री गेमिंग पीसी. नोकरी पुण्या-मुंबईच्या कंपनीत आणि काम गावातल्या घरातून करणाऱ्या अनेकांचं हे रोजचं चित्र आहे. अडचण येते ती टेबलावर. चांगला मॉनिटर पीसीला जोडलेला, लॅपटॉप बाजूला आणि त्याच्या छोट्या स्क्रीनवर मान वाकवून आठ-नऊ तास काम. नाहीतर मग रोज संध्याकाळी टेबलाखाली वाकून केबल काढा आणि दुसरीकडे लावा.

यावर उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. पण इथे पैसे वाया जातात ते चुकीची वस्तू मागवल्यामुळे. तुम्ही चिखली तालुक्यातल्या अमडापूरसारख्या गावात राहत असाल, तर असा स्विच जवळच्या दुकानात हात लावून बघायला मिळेलच असं नाही. बहुतेकदा तो ऑनलाइन मागवावा लागतो आणि जुळला नाही तर परत पाठवण्याची कटकट होते. म्हणून ऑर्डर करण्याआधी हे समजून घ्या.

आधी मॉनिटरच्या मागे बघा

बहुतेक मॉनिटरला एकापेक्षा जास्त इनपुट असतात. उदाहरणार्थ, एक डिस्प्लेपोर्ट आणि एक-दोन एचडीएमआय. म्हणजे दोन कॉम्प्युटर एकाच मॉनिटरला कायमचे जोडून ठेवता येतात. पीसी डिस्प्लेपोर्टवर, लॅपटॉप एचडीएमआयवर. मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदललं की झालं. याला वेगळा खर्च फक्त एका केबलचा.

राहिले कीबोर्ड आणि माऊस. त्यासाठी यूएसबी स्विच मिळतो. ही एक छोटी डबी असते. एका बाजूला कीबोर्ड, माऊस, हेडफोन लावायचे आणि दुसऱ्या बाजूने दोन केबल दोन कॉम्प्युटरला जातात. बटण दाबलं की सगळी उपकरणं एका कॉम्प्युटरवरून सुटून दुसऱ्याला जोडली जातात.

गेम खेळणाऱ्यांसाठी बहुतेक वेळा हीच जोडी सगळ्यात चांगली. कारण पीसी आणि मॉनिटर यांच्यामध्ये दुसरं काहीच येत नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर १४४ हर्ट्झवरच चालतो. जी-सिंक, फ्रीसिंक बिघडत नाही. साधा यूएसबी स्विच माऊसचे सिग्नल जसेच्या तसे पुढे पाठवतो, त्यामुळे माऊसचा वेगही कमी होत नाही. तोटा एवढाच की दोन बटणं दाबावी लागतात, एक स्विचचं आणि एक मॉनिटरचं.

केव्हीएम स्विच म्हणजे काय?

केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. सर्व्हर रूममध्ये एका कीबोर्ड-स्क्रीनवरून अनेक मशीन सांभाळण्यासाठी हे स्विच वापरले जातात. यात मॉनिटरची केबलही स्विचमधूनच जाते. त्यामुळे एका बटणात सगळं बदलतं. काही स्विचमध्ये स्क्रोल लॉक दोनदा दाबूनही बदल करता येतो. काही नव्या मॉनिटरमध्ये तर केव्हीएम आतच दिलेला असतो. नवीन मॉनिटर घेणार असाल तर हे फिचर आहे का ते नक्की बघा, वेगळा स्विच घ्यायची गरजच उरणार नाही.

मग स्वस्त केव्हीएममध्ये गडबड काय होते?

सगळा खेळ व्हिडिओ सिग्नलचा आहे. रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट जेवढे जास्त, तेवढा जास्त डेटा दर सेकंदाला केबलमधून जातो. फुल एचडी १४४ हर्ट्झला फक्त चित्रासाठीच सेकंदाला सुमारे ७ गिगाबिट लागतात. २५६० बाय १४४० रिझोल्यूशन आणि १४४ हर्ट्झ असेल तर हाच आकडा पावणेतेराच्या आसपास जातो.

आता पोर्टची क्षमता बघा. एचडीएमआय १.४ ची कमाल क्षमता १०.२ गिगाबिट, एचडीएमआय २.० ची १८, डिस्प्लेपोर्ट १.४ ची ३२.४ आणि एचडीएमआय २.१ ची ४८ गिगाबिट. यातला काही भाग सिग्नलच्या व्यवस्थेसाठीच खर्च होतो, म्हणजे चित्रासाठी मिळणारी जागा यापेक्षा कमी असते.

स्वस्त स्विचवर मोठ्या अक्षरात ‘४के’ लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात ३० हर्ट्झ असतं. असा स्विच एचडीएमआय १.४ चा. त्यावर माऊसचा बाण हलतानाही अडखळल्यासारखा दिसतो, गेमचं तर विचारूच नका. म्हणून ऑर्डर करताना तीन गोष्टी एकत्र वाचा: रिझोल्यूशन, त्या रिझोल्यूशनला मिळणारा रिफ्रेश रेट आणि पोर्टची आवृत्ती. तिन्ही लिहिलेलं नसेल तर ती वस्तू सोडून द्या.

आणखी एक गोष्ट. काही केव्हीएममध्ये कीबोर्ड आणि माऊससाठी राखीव पोर्ट असतात. तिथे गेमिंग माऊस लावला तर त्याची जादाची बटणं कधी कधी चालत नाहीत. असं झालं तर माऊस त्याच स्विचच्या साध्या यूएसबी पोर्टला लावून बघा.

दोन मॉनिटर असतील तर?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. दोन मॉनिटरच्या साध्या केव्हीएमला प्रत्येक कॉम्प्युटरकडून दोन व्हिडिओ केबल लागतात. पीसीच्या ग्राफिक्स कार्डला तीन-चार पोर्ट असतात, पण लॅपटॉपला अनेकदा एकच एचडीएमआय असतो. दुसरं चित्र यूएसबी-सी मधून काढावं लागतं आणि प्रत्येक यूएसबी-सी पोर्ट चित्र देतोच असं नाही. काही फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या पानावर ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘थंडरबोल्ट’ असा उल्लेख आहे का ते तपासा.

नसेल तर सोपा मार्ग घ्या. मुख्य मॉनिटर दोघांत वाटून घ्या, दुसरा फक्त पीसीला ठेवा आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन दुसरा मॉनिटर म्हणून वापरा.

स्विच न घेता फक्त सॉफ्टवेअरने जमेल का?

कीबोर्ड-माऊसपुरतं जमेल. मायक्रोसॉफ्टचं ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ हे मोफत सॉफ्टवेअर २०११ मध्ये आलं आणि २०२३ पासून ते ‘पॉवरटॉईज’चा भाग आहे. एकाच नेटवर्कवरचे चार विंडोज कॉम्प्युटर त्याने एका कीबोर्ड-माऊसवर चालतात. बाण एका स्क्रीनच्या कडेवरून पुढे नेला की दुसऱ्या कॉम्प्युटरवर पोचतो. एकीकडे मॅक किंवा लिनक्स असेल तर ‘डेस्कफ्लो’ किंवा ‘इनपुट लीप’ वापरता येतं.

पण हे मॉनिटर वाटून देत नाही, प्रत्येक कॉम्प्युटरला आपली स्क्रीन लागतेच. वाय-फाय अडखळलं की माऊसही अडखळतो. म्हणून माऊस गेमिंग पीसीलाच जोडा आणि लॅपटॉप सॉफ्टवेअरने चालवा, उलटं करू नका.

तिसरा पर्याय म्हणजे दोन-तीन उपकरणांना जोडता येणारा ब्लूटूथ कीबोर्ड-माऊस. ऑफिसच्या कामाला उत्तम. वेगवान गेमसाठी मात्र वायरचा किंवा डोंगलवाला माऊसच बरा.

लॅपटॉप कंपनीचा आहे, हे विसरू नका

कंपनीच्या लॅपटॉपवर आयटी विभागाला न विचारता सॉफ्टवेअर टाकणं महागात पडू शकतं. वर सांगितलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एका कॉम्प्युटरवर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यावर पेस्ट होतो. म्हणजे ऑफिसची माहिती तुमच्या घरच्या पीसीवर जाण्याची वाट उघडते. कंपनीच्या नियमात हे बसत नसेल तर प्रश्न थेट नोकरीचा होतो. शिवाय ऑफिसचं व्हीपीएन सुरू असताना घरातल्या नेटवर्कशी संपर्क अनेकदा बंद असतो, त्यामुळे असं सॉफ्टवेअर चालतही नाही.

साधा यूएसबी स्विच यापेक्षा सुरक्षित. त्यात डेटा साठत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, लॅपटॉपला फक्त कीबोर्ड-माऊस दिसतो. पण त्याच स्विचला पेनड्राईव्ह किंवा हार्डडिस्क लावू नका. बटण दाबताच ती अचानक काढल्यासारखी होते, फाईल खराब होऊ शकते आणि ती ऑफिसच्या लॅपटॉपलाही जोडली जाते.

लाईट गेली तर?

लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण मॉनिटर बंद पडतो आणि मीटिंग मध्येच अंधारात जाते. म्हणून मॉनिटर आणि राऊटर यूपीएसवर घ्या. गेमिंग पीसीसाठी मात्र हिशोब करा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट भार पेलतो. ग्राफिक्स कार्ड जोरात चालू असताना पीसी त्यापेक्षा जास्त वीज ओढू शकतो. मग लाईट गेल्यावर यूपीएस असूनही सगळं एकदम बंद होतं.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

- एक मॉनिटर, गेमिंग महत्त्वाचं: मॉनिटरचे दोन इनपुट आणि यूएसबी स्विच.
- साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर, एकाच बटणात काम हवं: मॉनिटरच्या रिझोल्यूशनला ६० हर्ट्झ देणारा केव्हीएम.
- दोन मॉनिटर: आधी लॅपटॉपचे पोर्ट तपासा, मगच स्विच बघा.
- दोन्ही कॉम्प्युटर स्वतःचे, दोघांना वेगळी स्क्रीन: मोफत सॉफ्टवेअर पुरेसं.

आणि काहीही जोडलं तरी एक गोष्ट तपासा. पीसीची केबल मदरबोर्डच्या नाही, ग्राफिक्स कार्डच्या पोर्टला लागली आहे ना? मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. अनेकांचा १४४ हर्ट्झचा मॉनिटर कित्येक महिने ६० वरच चालत असतो आणि दोष मात्र स्विचला दिला जातो.